‘पाय दुखतो म्हणून आणलं आणि पायच चोळला नाही’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की विड्या वळणाऱ्या आईला घेऊन आलात, अर्धा वेळ चौकशीतच गेला, हात हलका होता, मान मोडून दिली नाही, आणि सुजलेला पाय न चोळताच डॉक्टरकडे पाठवलं. शेवटी विचारलंय, "ही बाई डॉक्टर आहे का?"

मी डॉक्टर नाही आणि फिजिओथेरपिस्टही नाही. बोर्डावरही तसं लिहिलेलं नाही. माझी मावशी शहराच्या पूर्व भागात बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायला घरोघर जायची, तिच्या मागे फिरून माझा हात बसला. पुढे पुण्यात मसाजचा कोर्स केला. स्नायू कुठून निघतो, कुठे जोडलेला असतो, रक्तवाहिन्या कुठून जातात आणि कुणाला हात लावायचा नाही, हे तिथे शिकले.

आईंच्या तब्येतीचं तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलते, बाकी काही इथे लिहिणार नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, हाताला गरम लागली, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. असेलच असं नाही, साधं कारणही निघू शकतं. पण हे हाताने चाचपून कळत नाही, त्याला शिरेतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी लागते. गुठळी असताना पोटरी रगडली तर ती सुटून फुफ्फुसात अडकू शकते, आणि त्यात माणूस जाऊ शकतो. म्हणून मी तो पाय चोळला नाही. डॉक्टरांनी बघितल्याशिवाय पुन्हा आणलंत तरी चोळणार नाही.

चौकशीचं म्हणाल तर माझं निम्मं काम तेच आहे. मांडीवर सूप, मान खाली, पान कापा, तंबाखू भरा, दोरा गुंडाळा, हजार पुरे होईपर्यंत उठायचं नाही. या बाईची पाठ आणि दिवसभर यंत्रमागावर उभ्या असलेल्या माणसाची पाठ एकसारखी दुखत नाही. साखर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हाडं ठिसूळ झालीत का, लघवीवर ताबा आहे का, हे कळल्याशिवाय मी तेलाची वाटी उचलत नाही. बाया हे मुलासमोर सांगत नाहीत, म्हणून तुम्हाला बाहेर बसवलं. ‘जेवलात का’ या प्रश्नाचीही तुम्ही थट्टा केलीत. अजीर्ण असेल तर अभ्यंग, म्हणजे तेलमालिश, करू नये, हे वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सांगून ठेवलंय.

जोराचं म्हणाल तर ताणलेलं सूत ओढून सैल होत नाही. दुखऱ्या जागी एकदम जोर दिला की स्नायू आणखी आवळतो. मी हळूहळू आत जाते, आणि पेशंट ‘बास’ म्हणाला की थांबते. मान तर मी कुणाचीच मोडत नाही. त्या कटकट आवाजाने हाड जागेवर बसत नाही, तो सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांचा आवाज असतो. झटका चुकला तर मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. क्वचितच होतं, पण त्याने लकवा येऊ शकतो. न्हाव्याच्या खुर्चीत मान मोडून घेणाऱ्यांनाही मी हेच सांगते.

फी वेळेची आहे, त्यात चौकशीचा वेळ आला. हे फोनवर आधीच सांगते. स्टार तुम्ही काढावेत म्हणून हे लिहीत नाही.

आईंना अजून दाखवलं नसेल तर आजच दाखवा. अचानक दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर दुसरीकडे न फिरता थेट सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत न्या. डॉक्टरांनी मालिश चालेल असं सांगितलं, तर त्यांची चिठ्ठी घेऊन या. विड्या वळणाऱ्यांचं खांद्याचं आणि अंगठ्याच्या मुळाचं दुखणं असतं, त्यावर पुष्कळ करता येतं. तुमच्या आईंना तेलुगूत बोलायला सोपं जातं, तर दुपारी चारनंतर या, तेव्हा गर्दी नसते, निवांत बोलता येईल.