पाईप गॅसची "प्लास्टिकची नळी": फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: रस्त्याखालून गॅस साध्या प्लास्टिकच्या नळीतून येतो, 4 बारचा (1 बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाब थेट स्वयंपाकघरात असतो, नळी फुटली की आग नळीतूनच घरात शिरते. त्यापेक्षा लोखंडी सिलिंडर बरा.

"प्लास्टिक दाब पेलत नाही." ही बाथरूमची पीव्हीसी नळी नव्हे. पिवळी किंवा नारिंगी, आयएस 14885 या भारतीय मानकानुसार बनलेली ही पॉलिएथिलीनची नळी असते. 63 मिमी व्यासाच्या नळीची भिंत 5.8 मिमी जाड. पीई 80 या प्रतीच्या पॉलिएथिलीनचं पन्नास वर्षं टिकणारं बळ 8 मेगापास्कल (80 बार) धरतात, त्यावरून ही नळी साधारण 16 बार पेलते. आत ठेवतात 4. तो हिशेब 20 अंश सेल्सिअसचा आहे. आपली जमीन त्याहून गरम, म्हणून राखीव ताकद थोडी घटते, संपत नाही.

"लोखंडच हवं होतं." जिथे हवं तिथे आहेच. शहरात गॅस आणणाऱ्या जास्त दाबाच्या वाहिन्या स्टीलच्याच असतात. पण स्टील मातीत गंजतं, म्हणून त्यावर लेप आणि कॅथोडिक संरक्षण (सौम्य विद्युतप्रवाहाने गंज रोखणं) लागतं. गल्लीबोळातल्या जाळ्यात हे सांभाळण्यापेक्षा न गंजणारी नळी शहाणपणाची.

"4 बार थेट स्वयंपाकघरात." नाही. इमारतीबाहेरचा रेग्युलेटर 4 बारचे 100 मिलिबार (बारचा हजारावा भाग म्हणजे मिलिबार) करतो, मीटरजवळचा 21 मिलिबार. फिटर दाब मोजायला पाणी भरलेली यू आकाराची नळी वापरतो, तीत हा दाब पाण्याच्या दोन पातळ्यांत जेमतेम 21 सेंटिमीटरचा फरक पाडतो. सिलिंडरच्या रेग्युलेटरनंतर 30 मिलिबार असतात, आणि खुद्द सिलिंडरात उन्हाळ्यात 5 बारच्या वर सहज. तो तर ओट्याखालीच असतो!

"आग नळीतून येते." पाईप गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि तो हवेत 5 ते 15 टक्के मिसळला तरच पेटतो. दाबाने भरलेल्या नळीत हवाच नसते.

मेसेजमध्ये नसलेले दोन धोके मात्र खरे आहेत.

पहिला सांध्याचा. इलेक्ट्रोफ्यूजन कपलर (आतल्या तारेत वीज सोडून नळ्या वितळवून जोडणारा तुकडा) घालण्याआधी नळीचा वरचा ऑक्सिडीकृत थर, साधारण 0.2 मिमी, स्क्रेपरने पूर्ण गोलाईत खरवडायचा; सँडपेपर चालत नाही. मग पुसायचं, किती आत जायची त्याची खूण करून नळी आत सारायची, क्लॅम्प लावायचा, वीज सोडायची आणि थंड होईपर्यंत क्लॅम्पला हात लावायचा नाही. घाईत खरवडणं राहिलं तरी कपलरवरची दर्शक खुंटी वर येते, कारण ती फक्त प्लास्टिक वितळल्याचं सांगते, चिकटल्याचं नाही. असा सांधा दाब चाचणीही पास होतो आणि पुढे कधीतरी सोलून सुटतो.

दुसरा जेसीबीचा. नळीच्या साधारण 30 सेंटिमीटर वर धोक्याची पट्टी पुरलेली असते. ती दिसली की बकेट थांबवा, पुढे हाताने खोदा. नळी फाटलीच तर मशीन आहे तिथेच बंद करा, माणसं लांब न्या, लांबूनच गॅस कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. नळी वाकवून बांधू नका, कोरड्या प्लास्टिकवर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. आणि वर माती तर मुळीच लोटू नका: मोकळ्या हवेत वर निघून जाणारा गॅस मग गटारातून, केबलच्या नळ्यांतून शेजारच्या तळघरात जातो, आणि मातीतून जाताना त्याचा मुद्दाम घातलेला वासही कमी होऊ शकतो.