शिकवणाऱ्या सिस्टरचा सन्मान का करावा : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

परिचर्येच्या शिक्षणात आयुष्य घालवलेल्या ज्येष्ठ परिचारिकांचा सन्मान रुग्णसेवेतील परिचारिकांच्या बरोबरीने व्हावा, असे मी मागच्या लेखात मांडले होते. त्यावरची आपली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. आपण आजही वॉर्डात पाळ्या करत आहात आणि आपला राग त्या कामातून आलेला आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : जी परिचारिका वॉर्ड सोडून वर्गात गेली तिने रुग्णसेवाच सोडली, त्यामुळे तिला सेवेचा सन्मान देणे हा रात्रपाळ्या काढणाऱ्यांवर अन्याय आहे; सन्मान करायचाच असेल तर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात कामा रुग्णालयातल्या गर्भवती स्त्रियांना वाचवणाऱ्या अंजली कुलथे यांच्यासारख्यांचा करावा; आणि रात्री एका परिचारिकेवर अख्खा वॉर्ड सोपवणाऱ्या व्यवस्थेने शाल-श्रीफळ देऊन आपली जबाबदारी झाकू नये. निवड साहेबांच्या मर्जीतल्यांची होते, असेही आपण शेवटी लिहिले आहे.

आपल्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत नाही, आणि माझा बराचसा भर त्याच्यावरच राहणार आहे.

शिकवणे आणि शुश्रूषा करणे ही दोन वेगळी कामे आहेत, एक खुर्चीतले आणि दुसरे उभ्याने करायचे, असे आपण गृहीत धरले आहे. आधुनिक परिचर्येची सुरुवात मात्र तशी झालेली नाही. क्रिमियाचे युद्ध चालू असतानाच, १८५५ च्या नोव्हेंबरमध्ये, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा गौरव कसा करावा हे ठरवण्यासाठी लंडनमध्ये सभा भरली आणि त्यातून एक निधी उभा राहिला. सामान्य सैनिकांनीही त्यात एकेका दिवसाचा पगार दिला, आणि एकूण रक्कम सुमारे ४५,००० पौंडांवर गेली. त्या पैशातून १८६० साली सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची प्रशिक्षणशाळा उघडली. म्हणजे रणांगणावरच्या रुग्णसेवेसाठी झालेल्या सन्मानाचे रूपांतर थेट शिक्षणात झाले, आणि ते ज्यांचा सन्मान होता त्यांच्याच इच्छेने झाले. त्या शाळेची प्रत्यक्ष धुरा सारा वॉर्डरोपर यांच्याकडे होती. त्या रुग्णालयाच्या मेट्रन, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुख, होत्या आणि मेट्रनपद सांभाळतच त्यांनी ती शाळा वर्षानुवर्षे चालवली. वॉर्डची जबाबदारी आणि मुलींना घडवण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीवर होती, आणि त्या काळात कोणाला त्यात विसंगती वाटली नाही.

इतके दूर जायलाही नको. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्याविषयी आपल्या पिढीच्या प्रत्येक परिचारिकेला माहीत आहे. स्वतः परिचारिका असलेल्या अरुणाताईंवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांना सांभाळले. मार्च २०११ मध्ये दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्या शुश्रूषेचा गौरव केला आणि इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झाला नाही, याची नोंद घेतली. कायद्याच्या दृष्टीने त्या निकालाचे महत्त्व वेगळे आहे, पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने शुश्रूषेच्या एका कौशल्याची दखल घ्यावी ही गोष्ट आपल्या व्यवसायात जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही, असे मला वाटते.

बेडसोर न होऊ देणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. पण हा मजकूर परिचर्येबाहेरचे लोकही वाचतात, म्हणून लिहितो. हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, आणि काही तासांतच माकडहाड, टाचा, खुबे, डोक्याचा मागचा भाग अशा ठिकाणी कातडी लाल होऊन पुढे जखम पडते. ती टाळायची तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, चादरीची एकही सुरकुती राहू द्यायची नसते, त्वचा कोरडी ठेवावी लागते आणि पोषणाकडेही लक्ष द्यावे लागते. दोन तासांचा हिशेब केला तर एका रुग्णाची कूस दिवसातून १२ वेळा, वर्षातून ४,३८० वेळा बदलावी लागते. हे एका परिचारिकेचे काम नव्हते. १९७३ साली ज्या ड्युटीवर होत्या त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या हाताखाली शिकलेल्याही निवृत्त झाल्या, आणि अखेरच्या वर्षांत सेवा करणाऱ्यांपैकी अनेकींचा तर त्या हल्ल्याच्या वेळी जन्मही झाला नव्हता. मग ते कौशल्य एका पिढीकडून दुसरीकडे कसे गेले? कोणीतरी नव्या मुलीला पलंगाशी उभे करून पाठीखाली हात कसा घालायचा, उशी कुठे ठेवायची, कातडीचा कोणता रंग पाहिल्यावर सावध व्हायचे हे दाखवले होते. कोणीतरी तिची चूक तिथल्या तिथे दुरुस्त केली होती. हे दाखवणारी व्यक्ती कधी वॉर्डची परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर, असते, कधी शाळेची पाठ्यनिर्देशिका, म्हणजे शिकवणारी सिस्टर, असते. काम एकच असते.

मी स्वतः पाठ्यनिर्देशक म्हणून काम केले आहे, त्यामुळे मी माझ्याच जमातीची बाजू घेतो आहे असे आपल्याला वाटू शकते. पण मी ज्यांच्याकडे पाहून शिकवायला शिकलो त्या एका ज्येष्ठ सिस्टरचे उदाहरण मला द्यायचेच आहे. विद्यार्थिनींनी भरलेले टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वसन यांच्या नोंदी, त्या सकाळी चाळत आणि एका वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांचे श्वसन मिनिटाला २० लिहिलेले दिसले की त्या काही न बोलता त्या विद्यार्थिनीला घेऊन पहिल्या पलंगापाशी जात. तिच्या हाती घड्याळ देत आणि पूर्ण एक मिनिट रुग्णाच्या छातीकडे पाहत मोजायला लावत. मग दुसरा पलंग, मग तिसरा. कोणाचे १६ निघे, कोणाचे २४, आणि एखाद्याचे ३० च्या पुढे गेलेले असे, ज्याच्याकडे कोणाचे लक्षच गेलेले नसे. नाडी आणि ताप मोजला जातो, श्वसन मात्र अंदाजाने लिहिले जाते, ही आपल्याकडची जुनी सवय आहे, आणि प्रकृती ढासळू लागल्याची पहिली खूण कित्येकदा नेमकी श्वसनाच्या वेगातच दिसते. त्या सिस्टरच्या हाताखालून गेलेल्या मुली आज कुठे कुठे रात्रपाळी करत असतील, आणि पहाटे तीन वाजता एखाद्याच्या छातीकडे पूर्ण मिनिटभर पाहिल्यामुळे किती जण वाचले असतील, याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नाही. त्यांनी वॉर्ड सोडला, असे मी कसे म्हणू?

अंजली कुलथे यांच्याविषयी आपण जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. गोळीबार चालू असताना त्यांनी २० गर्भवती स्त्रियांना एका लहान खोलीत सुरक्षित हलवले, त्यांतल्या रक्तदाब वाढलेल्या एकीला प्रसूतिवेदना सुरू झाल्यावर तिला जिन्यावरून प्रसूतिकक्षापर्यंत नेले, पुढे कसाबविरुद्ध साक्ष दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीची हकिगत सांगितली. साक्ष देताना त्यांनी परिचारिकेचा गणवेश घालण्याचा आग्रह धरला होता. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्या रात्री जे केले ते परिचारिका म्हणून केले, हेच त्यांना सांगायचे होते. असे धैर्य कोणी शिकवू शकत नाही, हे मान्य आहे. पण घाबरलेल्या वीस स्त्रियांना शांत ठेवणे, कोणाला आधी हलवायचे हे क्षणात ठरवणे, रक्तदाब वाढलेल्या स्त्रीची प्रसूती थांबून राहणार नाही हे ओळखणे, यांच्यामागे प्रशिक्षण आणि अनुभव असतो. धैर्याचा सन्मान करताना त्यामागच्या प्रशिक्षणाला वेगळे काढून बाजूला ठेवता येत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

आपल्या महाराष्ट्रात तर परिचर्या शिकणे आणि शिकवणे हेच एके काळी धैर्याचे काम होते. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांना, त्यांतही विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवायला सुरुवात केली, तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र काढायचे, या कल्पनेनेच घराघरांत विरोध झाला होता. त्या पहिल्या मुलींची नावे आज कोणाला सांगता येतील? पुढे १९४६ मध्ये दिल्लीला आणि वेल्लोरला पदवी अभ्यासक्रम सुरू झाले, १९६४ मध्ये मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय उभे राहिले, आणि परिचर्येत विद्यापीठाची पदवी मिळवण्याचा मार्ग मराठी मुलींच्या घराजवळ आला. हे सगळे ज्यांनी उभे केले त्या बहुतेक जणी आधी वॉर्डात काम केलेल्या परिचारिका होत्या.

आता वेतनाचा आणि मनुष्यबळाचा मुद्दा. त्यावर आपल्यात मतभेद नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा जुना निकष शिक्षण रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका असा आहे, आणि आपण रात्री ज्या संख्येला सामोऱ्या जाता ती त्याच्या जवळपासही नाही. शाल-श्रीफळाने ही तूट भरून निघत नाही, आणि तसे सुचवणाऱ्या कोणाचीही बाजू मी घेणार नाही. फक्त एक गोष्ट लक्षात आणून देतो. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला तो १९०८ पासून काम करणाऱ्या ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाने. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने समिती नेमायला सांगितले आणि त्या समितीने शिफारस केली की २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला राज्य शासनातल्या समकक्ष परिचारिकेइतके वेतन असावे, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही ते महिना २०,००० रुपयांच्या खाली नसावे. ही शिफारस किती ठिकाणी कागदावरच राहिली हे आपण जाणता. तरीही भांडायला आपल्या हातात जो कागद आहे तो संघटनेमुळे आहे, आणि या संघटनेच्या उभारणीत मेट्रन आणि शिक्षिका यांचा वाटा फार मोठा होता. त्यांना सन्मान दिल्याने आपले वेतन कमी होणार नाही. त्यांनी काय मिळवून दिले हे नव्या मुलींना कळले तर मागणीला बळच येईल.

निवडीविषयी आपण जे लिहिले आहे त्यातला राग मला समजतो, आणि पद्धतीतला दोष खरा आहे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून दिला जातो आणि २०२४ मध्ये तो देशभरातून फक्त १५ जणांना मिळाला. इतक्या थोड्या जागा असल्या की ज्याला स्वतःच्या कामाची फाइल नीट बांधता येते आणि ज्याची शिफारस वरिष्ठ आनंदाने करतात, तो पुढे जातो. वॉर्डात दिवसभर उभी राहणारी परिचारिका अर्ज कधी भरणार आणि छायाचित्रे कधी जोडणार? म्हणूनच अर्ज मागवण्याची पद्धत मला मुळातच पटत नाही. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे फ्लोरेन्स नाइटिंगेल पदक १९१२ साली सुरू झाले, आणि त्याच्या नियमांत युद्ध व आपत्तीतल्या शौर्याबरोबरच सार्वजनिक आरोग्य आणि परिचर्येच्या शिक्षणातले पथदर्शी काम हाही निकष स्पष्टपणे लिहिलेला आहे. मला आपल्या राज्यातल्या सन्मानांतही असेच हवे आहे : काम कोणते केले ते आधी लिहावे आणि नाव मागून यावे. शिक्षिकेचा सन्मान करायचा असेल तर समितीने तिच्या माजी विद्यार्थिनींना ज्या वॉर्डांत त्या आज काम करतात तिथे जाऊन विचारावे की या बाईंनी शिकवलेले काय तुमच्या हातात अजून टिकून आहे. वॉर्डातल्या परिचारिकेचा सन्मान करायचा असेल तर तिच्याबरोबर पाळी केलेल्या सहकाऱ्यांना, वॉर्डातल्या मदतनीस आयांना आणि शक्य असेल तिथे रुग्णांच्या नातेवाइकांना विचारावे. वरिष्ठांची शिफारस सर्वांत शेवटी वाचावी. आणि ज्या संस्थेत विद्यार्थिनींना पलंगाशी उभे न करता केवळ परीक्षेपुरते तयार केले जाते, ज्यांचे रुग्णालय कागदावर भरलेले आणि प्रत्यक्षात रिकामे असते, अशा ठिकाणच्या प्राचार्यांची नावे कितीही मोठी असली तरी गाळावीत. या बाबतीत मी आपल्यापेक्षा कमी कडक नाही.

आणखी एक गोष्ट मी आपल्यापुढे ठेवू इच्छितो, आणि तिच्यावर आपले मत मला खरोखर हवे आहे. बहुतेक सन्मान निवृत्तीच्या वाटेवर किंवा निवृत्तीनंतर दिले जातात, जेव्हा त्या व्यक्तीच्या हातून शिकण्याची संधी संपत आलेली असते. वॉर्डात उत्तम काम करणाऱ्या परिचारिकेला सेवेच्या मध्यावरच ओळखावे, आठवड्यातले काही तास पाळीतून मोकळे करून तिला विद्यार्थिनींना पलंगाशी शिकवण्याची अधिकृत जबाबदारी द्यावी, त्यासाठी वेगळा भत्ता द्यावा, आणि त्या तासांसाठी वॉर्डात बदली परिचारिका नेमावी, असे मला वाटते. आपल्या वॉर्डात हे कसे बसवता येईल, बदली परिचारिका मिळण्यातली अडचण नेमकी कुठे येईल, आणि आपण स्वतः असे शिकवायला तयार व्हाल का, हे आपण लिहावे अशी विनंती आहे.