वॉशिंग्टन हे आडनाव कुणी कुणाला दिलं?

आडनावांच्या कहाण्या सांगणारा एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यातला वॉशिंग्टनवरचा भाग थोडक्यात असा: ‘वॉशिंग्टन म्हणजे कपडे धुणाऱ्यांचं गाव. या घराण्याच्या ढालीवरून अमेरिकेचा झेंडा निघाला. आज ज्या कृष्णवर्णीयांचं हे आडनाव आहे ते सगळे जॉर्ज वॉशिंग्टनच्या गुलामांचे वंशज. मालकाने आपलं नाव त्यांच्यावर डागलं.’ पहिल्या दोन चुकांनी कुणाचं नुकसान होत नाही. तिसरी मात्र लाखो माणसांच्या पूर्वजांनी स्वतः मिळवलेली गोष्ट मालकाच्या खात्यावर टाकते, आणि ती मला सोडवत नाही.

आधी धुण्याचं. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे वाडी आणि ‘इंग’ म्हणजे अमक्याची माणसं. ह्वासा किंवा तशाच नावाच्या कुणाच्या तरी माणसांची वाडी, एवढाच अर्थ. हे गाव उत्तर इंग्लंडमधल्या तेव्हाच्या डरहॅम परगण्यातलं. बाराव्या शतकात विल्यम डी हर्टबर्न याने आपल्या जहागिरीच्या बदल्यात ही जहागीर घेतली आणि तो विल्यम डी वेसिंग्टन झाला. हा ‘डी’ म्हणजे आपला ‘कर’च. पुढे एक शाखा लँकेशायरला आणि तिथून नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या सल्ग्रेव्हला गेली. गाव सुटलं, नाव राहिलं. पुण्यात तीन पिढ्या काढूनही सातारकर सातारकरच राहतात, तसं. याच घराण्यातल्या लॉरेन्स नावाच्या धर्मगुरूला इंग्लंडमधल्या यादवी युद्धात, १६४३ मध्ये, राजाविरुद्धच्या प्युरिटन पंथीयांनी एसेक्समधल्या चर्चमधून काढून टाकलं. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारी जहाजावरून व्हर्जिनियात पोचला. १६५७ मध्ये ते जहाज पोटोमॅक नदीत रुतलं आणि जॉन तिथेच राहिला. जॉर्ज हा त्याचा पणतू.

झेंड्याचं लवकर आटपतो. ढालीवर लाल पट्टे आणि तारे आहेत हे खरं, पण अमेरिकेचा झेंडा त्यावरून घेतल्याचा एकही समकालीन पुरावा नाही. त्या ढालीवरून झेंडा झाला तो वॉशिंग्टन शहराचा, १९३८ मध्ये.

आता मुख्य गोष्ट. २००० च्या अमेरिकी जनगणनेत हे आडनाव सुमारे १ लाख ६३ हजार लोकांचं होतं आणि त्यातले जवळपास ९० टक्के कृष्णवर्णीय. हा आकडा पाहिला की ‘गुलामांचे वंशज’ हे उत्तर सोपं वाटतं. पण १७९९ मध्ये माउंट व्हर्नन या जॉर्जच्या मळ्यावरच्या ३१७ गुलामांपैकी जॉर्जच्या स्वतःच्या मालकीचे १२३ होते. त्यांतही सगळ्यांचं आडनाव वॉशिंग्टन नव्हतं. सतत त्याच्या सोबत असणारा विल्यम हा गुलाम आधीच्या मालकिणीकडचं ‘ली’ हेच आडनाव लावत असे. जॉर्जच्या भावांकडे, पुतण्यांकडेही गुलाम होते, त्यामुळे काही घरांत नाव त्या वाटेने आलं असेल. ‘सगळे’ हा शब्द मात्र टिकत नाही.

‘डागलं’ हा शब्द तर उलटाच आहे. मळ्याच्या वह्यांत गुलामाचं बहुधा एकेरी नाव लिहिलेलं असे, कारण आडनाव म्हणजे घराणं, आणि गुलामाला कायद्याने घराणंच नव्हतं. आडनावं ते आपापसांत बाळगत, अनेकदा मालकाच्या नकळत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात माउंट व्हर्ननमधला हॅरी नावाचा गुलाम १७७६ मध्ये इंग्रजांकडे पळाला. १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना इंग्रजांच्या नोंदवहीत तो हॅरी वॉशिंग्टन म्हणून दिसतो. तिथून तो नोव्हा स्कॉशियाला आणि पुढे सिएरा लिओनला गेला. त्या वहीत त्याचं नाव ठरवायला कुणी मालक उभा नव्हता.

मालकाचं आडनाव लागल्याची उदाहरणंही आहेत. मराठी घरांत ज्याची गोष्ट मुलांना सांगितली जाते, त्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरचं ‘कार्व्हर’ हे मोझेस कार्व्हर या मालकाकडूनच आलं. पण ज्याने त्याला १८९६ मध्ये टस्कीगी या कृष्णवर्णीयांसाठीच्या आपल्या शिक्षणसंस्थेत बोलावलं, त्या बुकरचं पाहा. तो जन्मला बरोज कुटुंबाच्या मळ्यावर, गुलामीत. मुक्तीनंतर शाळेत हजेरी सुरू झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक मुलाला निदान दोन नावं आहेत आणि आपल्याला एकच. मास्तरांनी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, बुकर वॉशिंग्टन. वॉशिंग्टन हे त्याच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव होतं; बरोज त्याने लावलं नाही. आईने आपलं नाव टॉलिव्हरही ठेवलं होतं हे त्याला नंतर कळलं, तेव्हा तेही त्याने मधे घेतलं. बुकर टी. वॉशिंग्टनमधला ‘टी’ तो.