नऊ दिवस लागले हे खरं, पण सेट धूळ खात नव्हता

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. गाडीचा स्टिरिओ दुरुस्त व्हायला नऊ दिवस लागले, त्याचा तुम्हाला त्रास झाला, याबद्दल मनापासून माफी मागतो. सेव्ह केलेली रेडिओ स्टेशनं पुसली गेली ही तुमची तक्रारही बरोबर आहे. सेट बाहेर काढला की बॅटरीची पिवळी वायर सुटते आणि तुमच्या सेटची मेमरी त्याच वायरवर टिकून असते. हे मी आधीच सांगायला हवं होतं. चुकलं.

पण सर, ‘सेट नऊ दिवस दुकानात धूळ खात पडला होता’ हे वाक्य मला लागलं. त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही शनिवारी संध्याकाळी आलात. ‘गाणं चालू असताना मध्येच आवाज जातो, डिस्प्ले चालू राहतो, थोड्या वेळाने आपोआप येतो,’ असं सांगितलंत. मी म्हणालो, ‘दोन दिवसांत बघतो.’ बघतो म्हणालो होतो, देतो म्हणालो नव्हतो. असो. रविवारी दुकान बंद असतं. सोमवारी सकाळी सेट बेंचवर लावला, तो संध्याकाळपर्यंत गात होता. मंगळवारीही तेच. एकदासुद्धा आवाज गेला नाही. बंद पडलेला सेट दुरुस्त करणं सोपं असतं सर, चालणारा सेट दुरुस्त करणं अवघड. जो फॉल्ट समोर येतच नाही, त्याला पकडायचं कुठे?

आता यात माझीही थोडी चूक आहे, ती लपवत नाही. बेंचवर सेटचं झाकण उघडं होतं, वर पंखा फिरत होता, आवाज कमी ठेवलेला होता आणि सप्लाय १२ व्होल्टचा. गाडीत इंजिन चालू असताना सेटला १४ व्होल्टच्या आसपास मिळतात, सेट डॅशबोर्डमध्ये कोंडलेला असतो आणि तुम्ही आवाज मोठा ठेवता (हे तुम्हीच सांगितलं होतं). म्हणजे माझ्याकडे तो तापतच नव्हता. हे मंगळवारी संध्याकाळी डोक्यात आलं. बुधवारी सकाळी तुम्हाला फोन केला, की गाडी घेऊन या, सेट गाडीतच लावून बघू. उचलला नाहीत. गुरुवारी दोनदा केला. शुक्रवारी चारच्या सुमारास तुम्ही उचललात आणि म्हणालात की गाडी बाहेरगावी आहे, उद्या आणतो. हे तीन दिवस तुम्ही माझ्या नावावर लावलेत. कामात असाल, मी समजू शकतो, पण मग ते नऊत तरी धरू नका.

शनिवारी गाडी आली. सेट बसवला, काचा बंद केल्या आणि उन्हात गाडी चालू ठेवून आत बसून राहिलो. ४० मिनिटांनी आवाज गेला. खरं सांगतो, इतका आनंद झाला की शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावून दाखवलं.

मग सेट गरम असतानाच उघडला. ज्या आयसीतून, म्हणजे चिपमधून, चारही स्पीकरला आवाज जातो तिला २५ पिना असतात. भिंगाखाली एकेक पिन बघत गेलो. एका पिनेच्या सोल्डरभोवती, म्हणजे पिन बोर्डला जोडणाऱ्या धातूच्या डागाभोवती, केसाएवढी गोल चीर होती, बांगडीसारखी. नुसत्या डोळ्यांना ती दिसतच नाही. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने हलकेच ठोकलं की आवाज येई, पुन्हा ठोकलं की जाई. याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो. तापलं की धातू पसरतो आणि कॉन्टॅक्ट सुटतो, थंड झालं की परत जुळतो.

तुम्ही लिहिलंय, ‘सोल्डरचा एक थेंब टाकला आणि एवढे पैसे घेतले.’ थेंब एक नव्हता. सगळ्या २५ पिनांचं जुनं सोल्डर काढून नवीन भरलं, आयसीमागची, तिची उष्णता बाहेर नेणारी, वाळून गेलेली पेस्ट पुसून नवी लावली. आणि मजुरी त्या थेंबाची नसते सर, तो कुठे टाकायचा हे शोधण्याची असते.

राहिला तुमचा तिसरा मुद्दा, ‘न विचारता वायरी कापल्या.’ मागचे दोन जादा स्पीकर कुणीतरी आधीच्याच वायरींना पीळ देऊन, वर सेलोटेप गुंडाळून जोडले होते. ४ ओमचे दोन स्पीकर असे समांतर जोडले की सेटवर २ ओमचा भार येतो. ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो निम्मा झाला की आयसीला जास्त करंट द्यावा लागतो. आयसी इतकी तापायची ती त्यामुळेच. ते जोड मी तसेच ठेवले असते तर काही महिन्यांत तुम्ही परत आला असतात, आणि तेव्हाचा रिव्ह्यू याहून वाईट असता. ते स्पीकर चालवायचे असतील तर वेगळा अँप्लिफायर लागेल, हे मी गाडी देताना सांगितलं होतं. तुम्ही फोनवर होतात, मान हलवलीत. मी ती होकाराची समजलो.

रविवारी, सुटीच्या दिवशी, सेट घरी नेऊन झाकण लावून दिवसभर वाजवला. घरचे कंटाळले. सोमवारी तुमच्या गाडीत बसवून दिला. तेव्हापासून आवाज गेलाय का, हे मात्र रिव्ह्यूमध्ये कुठे दिसलं नाही.

माझं दुकान छोटं आहे, मी आणि एक मुलगा. तुमचा एक स्टार पडल्यापासून दोन जणांनी ‘नंतर बघू’ म्हणून काम थांबवलंय. यापुढे पावतीवर अंदाजे तारीख लिहू, उशीर होणार असेल तर मेसेज करू, काय काय काढलं-जोडलं तेही लिहून देऊ, जसं जमेल तसं. स्टार बदला असं म्हणत नाही, फक्त ते धुळीचं वाक्य एकदा परत वाचा.

स्टेशनं परत लावून देतो, पाच मिनिटांचं काम आहे, कधीही या. आणि सेटचा रिमोट तुम्ही काउंटरवर विसरलात, तो खणात ठेवलाय. सेल संपला होता, नवीन घातलाय. त्याचे पैसे नाहीत.