दहा एमएम म्हणजे दहा एमएम, आठ नाही

मी फोमचं चिलखत बनवतेय. परवा रात्री पावणेदोन वाजता त्यातल्या दस्तान्याचे, म्हणजे हातावरच्या कवचाचे, दोन अर्धे भाग समोरासमोर धरले आणि कडा जुळेनात. एक बाजू वर, दुसरी खाली, मधे सरळ पायरी. आधी वाटलं माझाच कट वाकडा गेला म्हणून पट्टी लावून बघितलं, कट बरोबर. मग भावाच्या टूलबॉक्समधला व्हर्नियर, म्हणजे जाडी बारीक मोजायचं माप, काढला, तो फिटर आहे, त्याच्याकडे असतो, आणि मोजलं तर एक तुकडा दहा एमएम आणि दुसरा आठलाही थोडा कमी. फोमच्या दोन्ही शीट एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच भावात घेतलेल्या, दोन्हीवर मार्करने १० लिहिलेलं. त्या दुकानदाराने स्वतःच्या हाताने माझ्यासमोर लिहिलं होतं! इतका संताप आला ना की झोपच लागली नाही, सकाळी ९.०८ च्या स्लोने तशीच ऑफिसला गेले.

कशासाठी करतेय ते सांगते. पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेला दरवर्षी मामाकडे जातो आम्ही, आणि यंदा आम्ही सात जणींनी ठरवलं की नऊवारी-फेटा तर सगळ्याच करतात, आपण चिलखत घालून चालायचं. नीट चिलखत, भाड्याने मिळतं ते चंदेरी कापड आणि वर पुठ्ठ्याचा पत्रा असलं काही नको. अंगात कड्यांच्या जाळीचं, त्यावर चार-आईना, म्हणजे छाती, पाठ आणि दोन कुशी झाकणारे चार पत्रे, हातात दस्ताने आणि डोक्यावर शिरस्त्राण. मी त्यासाठी तीन रविवार काळा घोड्याच्या म्युझियममध्ये जाऊन शस्त्रांच्या दालनात उभी राहून वहीत चित्रं काढलीयेत. तिथे अकबराचं १५८१ सालचं चिलखत आहे, पोलादी छातीपट, त्यावर कोरलेली अक्षरं, आणि ते बघताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली की ज्याने हे केलं त्याने एक कडसुद्धा अंदाजे सोडलेली नाही. सोडून कसं चालेल, चिलखत ही जीव वाचवायची वस्तू आहे. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाच्या भेटीला महाराज अंगरख्याच्या आत चिलखत घालूनच गेले होते. तर अशी वस्तू आपण अंगावर घालून रस्त्यावर हजारो लोकांसमोर चालणार असू तर ती लाज आणणारी नको, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

लोखंडाचं करणं शक्यच नाही. नुसता जाळीचा अंगरखाच दहा किलोच्या आसपास जातो, आणि चैत्राच्या उन्हात चार-पाच तास चालायचंय. म्हणून फोम. ईव्हीए फोम, आपल्या चपलांच्या सोलला असतो तोच. हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, तापवला की मऊ होतो, हाताने हवा तो बाक द्यायचा, गार होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा, मग तो बाक राहतो. वरची भोकंही गरम हवेने मिटतात त्यामुळे रंग आत शोषला जात नाही. कटरने कापता येतो, सोल्युशनने, म्हणजे चपला चिकटवायच्या गोंदाने, चिकटतो, अंगावर वजन काहीच नाही. आणि जो तो सांगत होता स्वस्त आहे स्वस्त आहे. कुठे स्वस्त आहे ते मला दाखवा!

सुरुवात ऑनलाईनपासून. लिहिलेलं ईव्हीए, दहा एमएम, काळा रंग. आलं काय तर पांढरा पॅकिंगचा फोम, टीव्हीच्या खोक्यात असतो तो. त्याला ईपीई म्हणतात, ते पॉलिथिन आहे, ते वेगळंच मटेरियल. त्याला हीट गन लावली की तो बाक घेत नाही, आकसतो आणि वितळून भोकं पडतात, आणि सोल्युशन तर त्याला धरतच नाही, दोन दिवसांनी नखाने अख्खा जोड सोलून निघतो. परत घ्या म्हटलं तर पॅकेट उघडलंय म्हणून घेणार नाही. अरे, पॅकेट न उघडता मला कळणार कसं आत काय घातलंय तुम्ही? पाकिटात विकलेल्या मालावर काय आहे, किती आहे, साईज महत्त्वाची असेल तर ती केवढी, हे छापायचं असा नियम आहे आपल्याकडे, २०११ पासून आहे. माझ्या पाकिटावर नुसतं ‘फोम शीट’. बास.

मग ठरवलं स्वतः जाऊन हाताने बघून घ्यायचं. शनिवारी हाफ डे टाकून मस्जिद बंदरला गेले, चार दुकानं फिरले. तिघांना डेन्सिटी, म्हणजे फोम किती घट्ट आहे ते, विचारली तर असे बघायला लागले जसं काही मी त्यांच्या घरचा पगार विचारला. चौथ्याने सांगितलं ‘सब सेम है मॅडम, सब यही ले जाते है’. मी म्हटलं मला दहा एमएमच पाहिजे, चारही सारख्या पाहिजेत, त्याने वरच्या माळ्यावरून पोराकडून चार गुंडाळ्या टाकायला लावल्या, मार्कर काढून चारींवर १० लिहिलं, शीटला साडेचारशे, अठराशे रुपये मोजून दिले. चूक माझी एकच, तिथे उघडून मोजल्या नाहीत. पण का मोजाव्यात मी? भाजीवाल्याचं वजनसुद्धा शिक्का मारलेलं असतं, आपण काय बटाटे घेताना घरून तराजू घेऊन जातो का?

त्या चार गुंडाळ्या सहा वाजता मस्जिदवरून भांडुपला कशा आणल्या ते मला माहिती. लेडीजमध्ये चढूच दिलं नाही, बरोबर आहे त्यांचं, एवढं मोठं घेऊन कुठे उभी राहणार, मग लगेजच्या डब्यात माशांच्या पाट्यांमधे उभी राहिले, गुंडाळ्या छातीशी धरून, घाटकोपरला एकाने ढकललं तर एका शीटला कोपऱ्यात चीर गेली. तरी मी खुश होते हो. खरंच खुश होते, घरी आल्या आल्या आईला दाखवलं.

आता दोन एमएमने काय फरक पडतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. कारण मला गेल्या दोन दिवसांत हे चार जणांनी ऐकवलंय, ‘अगं फोमच आहे ना’ आणि ‘लांबून कोणाला दिसतंय’. दहा एमएमचा फोम पूर्ण गोल वाकवला की बाहेरचा घेर आतल्या घेरापेक्षा सहा सेंटिमीटरच्या वर जास्त भरतो. आठ एमएमचा असेल तर पाच सेंटिमीटर. म्हणजे सव्वा सेंटिमीटरचा फरक, डोक्यावरच्या शिरस्त्राणात, दस्तान्यात, सगळीकडे. मी कागदाचे सगळे साचे दहा एमएम धरून काढलेत, शिरस्त्राणाची प्रत्येक कळी, म्हणजे निमुळती पट्टी, प्रत्येक जोड. कडा पंचेचाळीस अंशात तिरक्या कापायच्या असतात म्हणजे दोन तुकडे मिळून काटकोन होतो, आणि जाडी वेगळी असली की ते दोन तिरके काप एकमेकांवर बसतच नाहीत, एकीकडे फट आणि एकीकडे पायरी. फट बुजवता येते म्हणाल, येते, पण वर चंदेरी रंग मारला की चमकणाऱ्या पृष्ठभागावर प्रत्येक पायरी सावली टाकते, ती लांबूनच सगळ्यात आधी दिसते. आणि सोल्युशन असं आहे की दोन्ही बाजूंना लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मग दाबायचं, आणि एकदा दाबलं की संपलं, सरकवता येत नाही. चुकलं तर तुकडा फाटूनच निघतो.

आणि नुसती जाडी नाही. ते आठवालं मऊसुद्धा आहे. अंगठा दाबला की खड्डा तसाच राहतो. त्याला हीट गनने बाक दिला, गार होईपर्यंत दोन हातांनी धरून बसले, हात भाजले, सकाळी उठून बघते तर बाक अर्धा उतरलेला. म्हणजे उद्या उन्हात गिरगावच्या रस्त्यावर दोन तासांत छातीचा पत्रा पापडासारखा सपाट होणार. डेन्सिटी यासाठी विचारत होते मी, टाइमपास म्हणून नाही!

वेळेचा हिशोब तर कोणी करतच नाही. आमचं घर वन रूम किचन, हॉलमध्ये दहा वाजता बाबा झोपतात, मग मी गॅलरीत कागद अंथरून बसते. सोल्युशनचा वास असा की डोकं दुखतं, त्यात टोल्युइन असतं, बंद खोलीत ते काम करूच नये, म्हणून मास्क घालून गॅलरीत, तिथे डास, आणि शेजारच्या काकू दोनदा येऊन बोलून गेल्या, त्यांच्या घरात लहान बाळ आहे, त्यांना मी काय बोलणार, मी माफी मागितली आणि त्या दिवशी काम बंद ठेवलं. कटरच्या ब्लेडा हा अजून एक खर्च, फोम दिसतो मऊ पण ब्लेडची धार खातो, आठ-दहा कापांनंतर टोक मोडून नवीन काढावं लागतं नाहीतर कड कुरतडल्यासारखी निघते. मी आत्तापर्यंत दोन पाकिटं संपवली. हीट गन चौदाशेची. सोल्युशनचे डबे वेगळे. त्या पांढऱ्या पॅकिंग फोमचे सहाशे पाण्यात. आता दोन शीटचे नऊशे पाण्यात.

आणि मला सगळ्यात जास्त चीड आईच्यासाठी येते. जाळी फोमची होत नाही म्हणून आई गेला महिनाभर सुती दोरी विणतेय. जाड दोरी, मोठ्या सुया, सैल टाके, वर चंदेरी रंग मारला की हुबेहूब कड्यांची जाळी दिसते. तिची बोटं सांध्यात सुजतात. रोज दुपारी टीव्ही लावून एक वीत विणते, चुकलं तर उसवून परत विणते, मी म्हटलं राहू दे ना एक टाका इकडेतिकडे, तर म्हणाली तुझा पत्रा व्यवस्थित बसला पाहिजे, खाली जाळी सुरकुतली तर पत्रा वर येईल. एक बाई जी गुंतलेला एक टाका सोडत नाही आणि एक माणूस जो आठवर दहा लिहून मोकळा होतो. कसं नाही चिडायचं?

काल ऑफिसमधून परस्पर दुकानात गेले, दोन तुकडे आणि व्हर्नियर बॅगेत घेऊन. त्याच्यासमोर मोजून दाखवलं. आधी म्हणाला मशीनचा फरक आहे. मग म्हणाला दबून गेला असेल. मग त्याने तो तुकडा काउंटरवर फेकला आणि म्हणाला ‘फोम में इतना चलता है’. मला तिथे रडू फुटेल की काय असं झालं, रागाने. नाही चालत! तुमचं चालत असेल, कारण तुम्ही खोक्यात कोंबायला विकता. तसं असेल तर आठ लिहा ना, आठचे पैसे घ्या, मी साचे आठचे काढले असते, माझं काही म्हणणं नव्हतं. फसवलं कशाला?

पैसे दिले नाहीत त्याने. मी मोठ्याने बोलले, दोन गिऱ्हाइकं उभी होती ती ऐकून निघून गेली, तेवढंच.

मग आज भावाने सांगितलं ठक्कर बाप्पा कॉलनीत जा, तिथे घराघरात चपला-बूट बनवतात. गेले. बोळात एक कारागीर सोल कापत बसलेले, पन्नाशीचे असतील, त्यांना दोन्ही तुकडे दिले. व्हर्नियर काढायच्या आधीच त्यांनी दोन्हीवर अंगठा दाबला, सोडला, बघितलं, आणि आठवाला बाजूला ठेवून म्हणाले, ‘हा कुणी दिला तुम्हाला?’ मी सगळं सांगितलं. तर म्हणाले, ‘ताई, मी एका पायात दहा आणि एका पायात आठ घातलं तर गिऱ्हाईक लंगडत परत येईल माझ्याकडे.’ एवढं ऐकून माझा निम्मा राग तिथेच गेला, निम्मा अजून आहे.

त्यांच्याकडून दोन शीट आणल्या. पाचशे वीसला एक, त्यांनी स्वतःच चारही कोपरे मोजून दाखवले, एक कोपरा पाव एमएमने कमी होता तर ती शीट परत ठेवून दुसरी काढली. मी मागितलंसुद्धा नव्हतं.

पाडव्याला नऊ दिवस आहेत. डावा दस्ताना, शिरस्त्राणाच्या मागच्या दोन कळ्या आणि उजव्या कुशीचा पत्रा, एवढं पुन्हा कापायचंय, त्यानंतर पांढऱ्या फेविकॉलचे पाणी घालून पाच-सहा हात, मग रंग. बाबा झोपलेत. काकूंचं दार बंद आहे आणि वारा आमच्याकडून रस्त्याच्या बाजूला जातोय, तर मी आता गॅलरीत बसतेय.