टॉम बिलिंग्टनची पाठ

"खोटी असते रे ती कुस्ती." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. मामा तालमीतले. रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात करून पंचक्रोशीतल्या फडांवर खेळलेला माणूस. केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे ती अमेरिकेतली रिंगमधली कुस्ती, लागली की ते उठून बाहेर जायचे. आम्ही पोरं मात्र पैलवानांच्या पत्त्यांवर जीव टाकायचो. उंची, वजन, छाती, दंड. ब्रिटिश बुलडॉगचा पत्ता मी कुणाला हातसुद्धा लावू द्यायचो नाही.

मामांचं म्हणणं अर्धं खरं होतं. निकाल ठरलेला असतो. उरलेल्या अर्ध्याबद्दल मला आज बोलायचंय, आणि ते बुलडॉगच्या जोडीदाराकडे बघितल्याशिवाय बोलता येत नाही. आमच्याकडे केबल आली तोवर त्या जोडीदाराचं अमेरिकेतलं काम संपलेलं होतं.

टॉम बिलिंग्टन, रिंगमधलं नाव डायनामाईट किड. जन्म ५ डिसेंबर १९५८, इंग्लंडमधल्या लँकेशरचं गोलबर्न. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. शेजारच्या विगनमध्ये बिली रायलींची तालीम होती, आणि तिथली कॅच, म्हणजे पकडींची, कुस्ती आपल्या तांबड्या मातीतल्या कुस्तीइतकीच कडक. खाणीत उतरायचं नाही म्हणून टॉम कुस्तीकडे वळला. टेड बेटली नावाच्या जुन्या पैलवानाने त्याला घडवलं. १९७८ मध्ये तो कॅनडात कॅलगरीला, तिथे कुस्त्या भरवणाऱ्या स्टू हार्ट यांच्याकडे गेला. पुढच्याच वर्षी गोलबर्नच्या खाणीत स्फोट होऊन १० कामगार गेले. त्यामुळे 'कशाला गेला या धंद्यात' असं मला कधी म्हणवत नाही.

२३ एप्रिल १९८१ ला टोकियोत टायगर मास्कची पहिली लढत झाली. कॉमिकमधला नायक मुखवटा घालून खराखुरा रिंगमध्ये उतरणार होता. आत होता सातोरू सायामा आणि समोर बावीस वर्षांचा डायनामाईट. हरायचं होतं डायनामाईटने. ती लढत मी कितीतरी वेळा पाहिलीय. टायगर मास्क हवेत उडतो ते सगळ्यांना दिसतं. पण प्रत्येक वेळी नेमक्या जागी उभं राहून ते अंगावर कोण घेतं? पडताना डायनामाईट स्वतःला अजिबात जपत नाही. समोरच्याला मोठं करायचं म्हणजे किती कष्ट असतात, ते मला या लढतीत कळलं.

या कामाची किंमत साधी आहे. रिंगच्या कापडाखाली पातळ थर आणि त्याखाली लाकडी फळ्या. तिथे पाठ आपटायची, रोज रात्री, वेगळ्या गावात. वरच्या दोरावरून झेप घेऊन डोक्याने समोरच्याच्या अंगावर आदळणं हा त्याचा ठेवणीतला डाव. अंगकाठी लहान, आणि बाजारात मागणी धिप्पाड देहांना. म्हणून स्टेरॉइड्स. हे त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात कबूल केलंय.

एप्रिल १९८६ मध्ये तो आणि नात्यातला भाऊ डेव्ही बॉय स्मिथ, म्हणजे माझ्या पत्त्यावरचा बुलडॉग, डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये जोडीच्या कुस्तीचे विजेते झाले. त्याच डिसेंबरात कॅनडातल्या हॅमिल्टनला एका लढतीत टॉमची पाठ गेली. मणक्यांमधल्या चकत्या फाटल्या, ऑपरेशन झालं. पण विजेतेपदाचा पट्टा कुणाला तरी हरल्याशिवाय कथा पुढे सरकत नव्हती. जानेवारीत डेव्ही बॉयच्या आधाराने तो कसाबसा रिंगपर्यंत आला आणि पट्टा हरून गेला. धड चालता न येणाऱ्या माणसाला, कथेची सोय म्हणून, हजारो लोकांसमोर उभं केलं. याचा मला आजही संताप येतो. हे पैलवान कंपनीचे नोकरदारसुद्धा नव्हते, कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार!

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर मी खोटं बोलेन. हा माणूस क्रूर होता. सहकाऱ्यांची 'गंमत' या नावाखाली तो छळ करायचा. १९८८ मध्ये एका सहकाऱ्याने ठोसा मारून त्याचे दात पाडले, ते याच छळाला कंटाळून. आपल्यावर त्याने बंदूक रोखल्याचं पहिल्या बायकोने जाहीरपणे सांगितलंय. दुखरी पाठ, औषधं, दारू ही कारणं असतील, पण त्या घरातल्या भीतीची भरपाई त्यांनी होत नाही. त्याची लढत बघताना मी भारावतो आणि त्या बाईचे शब्दही आठवतात. दोन्ही एकत्र बाळगायची मला सवय करून घ्यावी लागली.

डेव्ही बॉयला वैभव मिळालं. २९ ऑगस्ट १९९२, लंडनचं वेम्बली, जाहीर केलेला आकडा ८०,३५५ प्रेक्षकांचा, आणि समोर त्याचा मेहुणा ब्रेट हार्ट. ब्रेटने नंतर सांगितलं की डेव्ही ठरलेलं सगळं विसरला होता आणि पूर्ण लढत आपणच त्याच्या कानात सांगत पुढे नेली. तरीही ती लढत बघा, डोळ्यांत पाणी येतं. डेव्ही २००२ मध्ये गेला, वयाच्या ३९ व्या वर्षी.

टॉमची शेवटची लढत १९९६ ला जपानमध्ये झाली. अंगावरचं सगळं मांस ओसरलेलं होतं. पुढच्या वर्षी डावा पाय निकामी झाला आणि व्हीलचेअर आली. ५ डिसेंबर २०१८ ला, साठाव्या वाढदिवशीच, तो वारला.

मामा आता थकलेत. त्यांचा गुडघा फडावरच गेलाय, कान मुडपलेले आहेत. गेल्या दिवाळीत मी त्यांना टोकियोची ती लढत मोबाईलवर दाखवली, नाव-गाव काही न सांगता. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हा पडतोय तो पोरगा कोण? याला लागतंय रे."