घरचा कॉम्प्युटर ऑफिसातून: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. वयाने तुम्ही माझ्या वडिलांच्या बरोबरीचे आहात, म्हणून काका म्हणतो. राग नसावा.

घरचा कॉम्प्युटर ऑफिसात बसून कसा चालवायचा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बँकेत ३४ वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, हे म्हणजे घराची किल्ली चव्हाट्यावर टांगणं आहे. माझ्या मित्राचे असल्याच एका ॲपपायी खात्यातले पैसे गेले. फाइली ऑनलाइन ड्राइव्हवर टाकल्या की काम भागतं, मग हा उपद्व्याप कशाला? आणि ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या मशीनवर घरची कामं करणं ही पगार देणाऱ्याशी बेइमानी आहे. शेवटी तुम्ही लिहिलंत, "लोक विश्वासाने वाचतात, त्यांना खड्ड्यात घालू नका." हे वाक्य मनाला लागलं. म्हणून दोन ओळींत आभार मानून विषय मिटवत नाही.

आधी माझं जे चुकलं ते. लेखात मी राउटरमध्ये ३३८९ हे पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं एक दार, उघडायला सांगितलं होतं. एक कॉम्प्युटर दुसरीकडून चालवायची विंडोजमधली सोय, रिमोट डेस्कटॉप, याच नंबरावर ऐकत असते. ते उघडलं की जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातून तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचं लॉगिन थेट समोर येतं. पासवर्ड दणकट ठेवा म्हणजे झालं, असंही मी लेखात लिहिलं होतं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी काहीही महत्त्वाचं नसलेला एक जुना लॅपटॉप रात्री जेवणं झाल्यावर तसा उघडा ठेवला. सकाळी चहा घेता घेता त्याचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला, तर ४६२५, ४६२५, ४६२५. हा फसलेल्या लॉगिनचा नंबर. पान खाली ओढत गेलो तरी यादी संपेना. ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, युजर, टेस्ट अशी एकेक नावं घेऊन कुणी तरी रात्रभर कडी वाजवत होतं. मी कुणाला पत्ता दिला नव्हता. इंटरनेटवरचे पत्ते (आयपी ॲड्रेस) ओळीने तपासत फिरणारे प्रोग्राम आहेत, त्यांनी तो शोधला. पोर्टचा नंबर बदलला तरी ते शोधून काढतात.

शिवाय पासवर्ड कितीही चांगला असला तरी दारालाच भोक असेल तर काय? मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली, तिच्यात पासवर्डची गरजच नव्हती. मायक्रोसॉफ्टने तेव्हा २०१४ मध्येच मोडीत काढलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळतं. हे माहीत असून मी तो परिच्छेद लिहिला. तो आज काढून टाकला आहे आणि त्या जागी तसं स्पष्ट लिहिलं आहे. ज्यांनी माझं वाचून पोर्ट उघडलं असेल त्यांनी ते आजच बंद करावं. पोर्ट उघडूनही जुळत नाही अशी काही जणांची तक्रार होती. त्यांनी राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुमची इंटरनेट कंपनी अनेक गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवते आहे. जुळलं नाही ते बरंच झालं.

पण काका, तुमचा पुढचा मुद्दा मला मान्य नाही. फाइली ड्राइव्हवर टाकून सगळ्यांचं भागत नाही. आमचंच सांगतो. वडील घरी लग्नपत्रिका, हँडबिलं, अहवाल यांची अक्षरजुळणी करतात. त्यांचं सॉफ्टवेअर जुनं, फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. त्याचं लायसन्स म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे खोचलेला बोटभर डोंगल. तो काढला की सॉफ्टवेअर उघडत नाही. ती फाइल ड्राइव्हवरून ऑफिसात उघडली तर "चि. सौ. कां." च्या जागी इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी दिसते. मार्गशीर्षात एका दुपारी गिऱ्हाईक दारात उभं होतं. मुलीच्या आजोबांच्या नावामागे "कै." पडलं होतं आणि आजोबा समोर बसलेले! छपाई संध्याकाळी. वडिलांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झालेले. घर चिंचवडला, मी हिंजवडीत, आणि तो रस्ता तुम्हाला माहीत असेलच. जेवणाच्या सुट्टीत माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवरून मी घरच्या कॉम्प्युटरवर गेलो, "कै." काढून "श्री." केलं, पीडीएफ छापखान्याला पाठवली. हे ड्राइव्हवरून झालं नसतं. असे डोंगलवाले आणि जुन्या फॉन्टवाले लोक आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यांच्यासाठी मी तो लेख लिहिला होता.

मग दार रस्त्यावर न उघडता आत जायचं कसं? आम्ही टेलस्केल वापरतो, म्हणजे आपल्याच यंत्रांना आपसात खाजगी वाटेने जोडणारं सॉफ्टवेअर. ते वायरगार्ड या कुलूपबंद जोडणीच्या तंत्रावर चालतं, जे २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. घरचा कॉम्प्युटर आणि माझा लॅपटॉप दोघंही आपणहून बाहेर हाक मारतात, मधला सर्व्हर त्यांची गाठ घालून देतो, आणि पुढचं बोलणं कुलूपबंद होतं. राउटरमध्ये काहीही उघडावं लागत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला दारच दिसत नाही. त्या कुलूपबंद वाटेने मग नेहमीचं रिमोट डेस्कटॉप. खरं कुलूप मात्र ज्या गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने तुम्ही टेलस्केलमध्ये शिरता त्याला असतं, म्हणून त्या खात्यावर दुहेरी पडताळणी हवीच. आणखी एक, कारण यात मी स्वतः अडकलो: एरवी १८० दिवसांनी यंत्राची ओळख संपते आणि घरी जाऊन पुन्हा लॉगिन करेपर्यंत काहीच जुळत नाही. घरच्या कॉम्प्युटरपुरती ती मुदत टेलस्केलच्या पानावरून बंद करता येते.

विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून आत घेणारं रिमोट डेस्कटॉप नसतं, त्याला प्रो लागतं. होमवाल्यांसाठी क्रोम रिमोट डेस्कटॉप आहे. त्यात पिन किमान ६ आकडी असते. ते लावायच्या आधी घरच्यांना सांगून ठेवा. आम्ही पहिल्यांदा ते वापरलं तेव्हा मी न सांगता आत गेलो. वडील समोरच बसले होते. बाण आपोआप फिरायला लागला, फाइली उघडायला लागल्या, आणि त्यांनी घाबरून मेन स्विचच बंद केला. त्यांनी बरोबर केलं, चूक माझी होती. तेव्हापासून मी आधी फोन करतो. कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवायचा प्रश्नही त्याने सुटला: फोन केला की वडील बटण दाबतात, काम झालं की मी बंद करतो.

ऑफिसबद्दल तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं, आणि ते लेखात असायला हवं होतं. ऑफिसचं मशीन ऑफिसचं असतं. त्यावर असलं काही टाकायचं नाही, ऑफिसच्या वायफायवरूनही नाही. स्वतःचा लॅपटॉप किंवा फोन, स्वतःचा डेटा, स्वतःची सुट्टी. आणि कंपनीचा नियम स्वतःची यंत्रंही आत आणू देत नसेल, तर विषय संपला. ज्यांना ऑफिसने लेखी परवानगी दिली आहे त्यांनीही जोडण्याआधी "लोकल रिसोर्सेस" मध्ये जाऊन क्लिपबोर्डवरची खूण काढावी. नाहीतर ऑफिसात कॉपी केलेला मजकूर नकळत घरच्या कॉम्प्युटरवर पेस्ट होऊ शकतो.

आता तुमच्या मित्राबद्दल. त्यांचं जे झालं ते पोर्टमुळे झालेलं नसावं. फोनवर कुणी तरी "बँकेतून बोलतोय" म्हणालं असेल, ॲप उतरवायला लावलं असेल, आणि स्क्रीनवरचा कोड वाचून दाखवायला सांगितलं असेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना नेमकं याबद्दल सावध केलं होतं, त्यात दुसऱ्याचं यंत्र दुरून चालवायच्या एनीडेस्क या ॲपचं नाव होतं. ते ॲप मुळात सचोटीच्या कामासाठीच आहे, पण त्याचा कोड भामट्याला वाचून दाखवला आणि परवानगी दिली की तो तुमच्या खुर्चीत येऊन बसतो. हा धोका माझ्या लेखात एका ओळीतही नव्हता. आता स्वतंत्र परिच्छेद घातला आहे.

मित्रांना एक विचारा: ते ॲप अजून त्यांच्या कॉम्प्युटरवर किंवा फोनवर आहे का? अशा ॲप्समध्ये समोर कुणी नसतानाही आत येण्यासाठी पासवर्ड लावून ठेवायची सोय असते, आणि भामट्याने तो लावून ठेवला असू शकतो. ते ॲप आधी काढा. त्याच्या जोडीने त्या दिवसात आणखी काय उतरवलं गेलं ते यादीत तारखेप्रमाणे बघा. ईमेल आणि नेटबँकिंगचे पासवर्ड त्या यंत्रावरून नको, दुसऱ्या यंत्रावरून बदला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर अजून तक्रार केली नसेल तर करा, पोच नंबर लिहून ठेवा. बँकेला काय आणि कसं लिहायचं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

कुठे अडलात तर इथेच लिहा. रविवारी सकाळी मी मोकळा असतो. तुम्ही त्यांच्याशेजारी बसून काय दिसतंय ते फोनवर वाचा, मी पुढचं सांगत जाईन. कोड मी मागणार नाही, आणि मागितला तरी देऊ नका.